शेजारी कोण राहतो?



आपल्या खेड्यांतील पुष्कळ घरांची मुले-मुली आता परदेशी स्थायिक झाली आहेत. कोणी आखातात, कोणी इंग्लंडात, कोणी अमेरिकेत. सुट्टीवर घरी आली म्हणजे ती तिकडच्या नाना गोष्टी सांगतात. त्यांतील एक गोष्ट ऐकून इकडील आईबाप विशेष विचारात पडतात. अमेरिकेत नव्या घरी राहावयास जाण्यापूर्वी, त्या वस्तीत बालकांवर अत्याचार केल्याबद्दल शिक्षा झालेला कोणी इसम राहतो काय, हे म्हणे घरबसल्या पाहता येते. मग साहजिकच प्रश्न येतो : "फादर, अशी सोय आपल्याकडे नाही काय? आमच्या शेजारी कोण राहतो, हे आम्हांस कसे कळावे?"

प्रश्न रास्त आहे. हा विषय जिभेवर घ्यावयास आपण संकोचतो, हे खरे. परंतु या संकोचाचा लाभ आजवर दुष्टांनाच झाला आहे. म्हणून आज आपण त्याचा उघडपणे व शांतपणे विचार करू.

अमेरिकेतील व्यवस्थेमागे एक दुःखद हकीकत आहे. १९९४ च्या जुलै महिन्यात न्यू जर्सी राज्यात मेगन नावाच्या सात वर्षांच्या बालिकेवर तिच्या घरासमोरच राहणाऱ्या एका माणसाने अत्याचार केला व तिचा प्राण घेतला. त्या माणसास पूर्वी अशाच अपराधांबद्दल शिक्षा झाली होती. पण तिच्या आईबापांना त्याची काहीच कल्पना नव्हती. लोकांच्या मनाला ही गोष्ट फार लागली. त्याच वर्षी त्या राज्याने, आणि १९९६ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने कायदा करून अशा गुन्हेगारांची माहिती जनतेस खुली केली. लोक त्यास 'मेगनचा कायदा' म्हणतात. पुढे २००५ साली तेथील न्यायखात्याने सर्व राज्यांच्या नोंदी एकत्र शोधता येतील असे संकेतस्थळ सुरू केले. तेथे नाव वा पत्ता घातला की नोंदलेल्या गुन्हेगारांची माहिती विनामूल्य मिळते.

इंग्लंडने निराळा मार्ग पत्करला. तेथेही १९९७ च्या कायद्याने नोंदवही झाली, परंतु ती सर्वांस खुली नाही. मात्र २००८ साली चार पोलीस विभागांत प्रयोग करून २०११ पर्यंत सर्व इंग्लंड व वेल्समध्ये एक योजना लागू करण्यात आली. मुलाच्या सहवासात येणाऱ्या अमुक माणसाविषयी शंका असल्यास पालक पोलिसांना विचारू शकतो. पोलीस चौकशी करतात, आणि गरज दिसली तर मुलाचे रक्षण करू शकेल अशा व्यक्तीलाच ती माहिती देतात. ती त्या व्यक्तीने स्वतःपाशीच ठेवावयाची असते. ज्यांची नातवंडे त्या देशांत वाढत आहेत, त्यांनी आपल्या लेकी-सुनांना या सोयींची आठवण अवश्य करून द्यावी.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतातही अशी नोंदवही आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृहखात्याने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. आरंभीच तीत ४ लाख ४० हजारांहून अधिक नोंदी होत्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो. परंतु ही नोंद केवळ पोलीस व तपास यंत्रणांसाठी आहे. तुम्हां-आम्हांस ती पाहता येत नाही.

तर मग पालकाच्या हाती काहीच नाही काय? आहे, आणि ते थोडेथोडके नाही. घरात गडी, मोलकरीण वा गाडीचालक ठेवताना, किंवा खोली भाड्याने देताना, त्या माणसाची पोलिसांकडून पडताळणी करून घेण्याची सोय बहुतेक राज्यांत आहे. "गरीब दिसतो, भला दिसतो" एवढ्यावर भागवू नये. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा जो कायदा २०१२ साली झाला, ज्यास सर्वत्र 'पोक्सो' म्हणतात, त्याखाली २०२० साली नवे नियम आले. त्यांनुसार शाळा, पाळणाघर, क्रीडासंस्था, वसतिगृह अशा मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या प्रत्येक नोकराची, मग तो शिक्षक असो की शिपाई, कायम असो की कंत्राटी, पोलिसांकडून वेळोवेळी पडताळणी करून घेणे बंधनकारक आहे. म्हणून शाळेच्या पालकसभेत उभे राहून विचारा : "येथील सर्वांची पडताळणी झाली आहे काय? शेवटची केव्हा झाली?" या विचारण्यात उद्धटपणा मुळीच नाही. ज्या संस्थेचा कारभार चोख आहे, तिला या प्रश्नाचा राग येणार नाही.

इतके सांगून आम्ही येथेच थांबलो, तर मात्र तुमची फसवणूक केल्यासारखे होईल. कारण कोणतीही नोंदवही, ती उघडी असो वा बंद, जे पकडले गेले व दोषी ठरले त्यांचीच नावे सांगते. जो कधी पकडला गेला नाही, त्याचे नाव कोणत्या वहीत शोधणार?

याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. गोव्यात मडगाव येथे फ्रेडी पीट्स नावाचा एक इसम अनाथ व गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवीत असे. परोपकारी गृहस्थ म्हणून तो वावरत होता. १९९१ साली त्यास अटक झाली, तेव्हा उघड झाले की आश्रयास आलेल्या मुलांवरच तो अत्याचार करीत होता आणि परदेशी पाहुण्यांनाही ती मुले पुरवीत होता. १९९६ साली न्यायालयाने त्यास जन्मठेप दिली. ज्याच्या दाराशी गरीब मायबाप विश्वासाने आपले मूल सोडून जात, तोच त्यांचा भक्षक होता. पुढे २००३ साली गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली बालन्यायालय स्थापले.

आकडेही हेच सांगतात. अमेरिकेच्या न्यायखात्याने २००० साली पोलीस नोंदींवरून एक अहवाल काढला. त्यात अत्याचारास बळी पडलेल्या अल्पवयीनांपैकी शेकडा ३४ जणांवर अत्याचार करणारा कुटुंबातीलच होता, शेकडा ५९ जणांच्या बाबतीत तो ओळखीचा होता आणि शेकडा ७ जणांच्याच बाबतीत तो परका होता. आपल्याकडेही गुन्ह्यांच्या वार्षिक अहवालांत पोक्सोच्या बलात्काराच्या खटल्यांपैकी शेकडा ९० हून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच आढळतो. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. शेकडा ५३ हून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांची संख्या मुलींहून कमी नव्हती. आणि बहुतेकांनी त्याविषयी आजवर कोणालाही काही सांगितलेले नव्हते.

हे शेवटचे वाक्य, पालकहो, पुन्हा एकदा वाचा. माहिती होती, ती मुलांपाशी होती. परंतु ती विचारणारे व ऐकून घेणारे कोणी नव्हते. शेजारच्या घरात कोण राहतो हे पाहण्यापूर्वी, आपल्या घरातील मूल आपणांस सर्व काही सांगू शकते काय, हे पाहिले पाहिजे.

याचा अर्थ प्रत्येक काका-मामाकडे संशयाने पाहावे, असा मुळीच नाही. संशयाचे विष गावात पसरले म्हणजे काय होते, हे आपण पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्या भिक्षेकऱ्यांना मारून टाकले. मोबाइलवर फिरणारा एक खोटा निरोप, आणि पाच घरे उद्ध्वस्त झाली! तेव्हा कोणाचे छायाचित्र वा नाव "सावध राहा" असे लिहून पुढे पाठविणे हे मुलांचे रक्षण नव्हे. आपल्याला ज्याची खरोखर शंका आहे, ते पोलिसांना सांगावे. गावभर करू नये.

दानीएलच्या ग्रंथातील तेराव्या अध्यायात सुसान्नेची कथा आहे. दोन वडील माणसे, त्याच वर्षी न्यायाधीश म्हणून नेमलेली, तिच्यावर वाईट नजर ठेवून बागेत दडून बसली. ती त्यांना वश होईना, तेव्हा त्यांनी तिच्यावरच व्यभिचाराचा आळ घेतला. सर्व मंडळीने त्यांचे म्हणणे खरे मानले, कारण ती वयाने मोठी व पदाने थोर होती. तिला मृत्युदंड ठरला. तेव्हा दानीएल नावाचा एक तरुण पुढे झाला. त्याने त्या दोघांना वेगवेगळे उभे करून एकच प्रश्न विचारला : ते कोणत्या झाडाखाली घडले? एकाने एक झाड सांगितले, दुसऱ्याने दुसरे, आणि खोटेपणा उघडा पडला.

या कथेत आपल्या गावासाठी दोन धडे आहेत. मोठेपणा व पद ही सत्याची साक्ष नव्हे, हा पहिला. आणि दानीएलने जमावासारखा दगड उचलला नाही. त्याने चौकशी केली, हा दुसरा. आज चौकशीचे ते काम कायद्याने पोलिसांकडे व विशेष न्यायालयाकडे सोपविले आहे. आपले काम आहे बळी पडलेल्याचे म्हणणे ऐकणे व ते तेथपर्यंत पोहोचविणे.

आता प्रत्यक्ष घरात काय करावे? मूल तीन-चार वर्षांचे झाले की त्यास शरीराच्या सर्व अवयवांची साधी, योग्य नावे शिकवावीत. जे अवयव आपण कपड्यांखाली झाकतो, त्यांना कोणी हात लावू नये, आणि कोणी आपले अवयव दाखवू वा हाताळावयास लावू नयेत, हे नाक-कान शिकवावेत इतक्या सहजतेने सांगावे. आजारपणात डॉक्टरांनी तपासावयाचे ते आईबापांच्या देखत. "हे आईला सांगू नकोस" असे जो म्हणेल, त्याचे ते बोलणे आधी आईला येऊन सांगावे, हा नियम मुलास पक्का पाठ असू द्या. पाहुण्यांच्या मांडीवर बसावयास वा पापी द्यावयास मूल नको म्हणत असेल, तर त्यावर बळजबरी करू नये. हात जोडून नमस्कार केला तरी मान राखला जातो. या गोष्टी मुलींइतक्याच मुलग्यांनाही शिकवा.

अत्याचार करणारा बहुधा मुलाचा विश्वास संपादन करण्यापूर्वी आईबापांचा विश्वास संपादन करतो. जो वारंवार एकाच मुलाला खाऊ, पैसे वा मोबाइल देतो, त्याला एकटे घेऊन जाण्याची निमित्ते शोधतो, त्याच्याशी गुपिते ठेवतो, त्याच्याकडे लक्ष असू द्यावे. मुलामध्येही बदल दिसतात. एखाद्या घरी जावयास ते एकाएकी नकार देते, अमुक माणूस दिसताच लपते, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, झोपेत दचकते, अभ्यासात मागे पडते, दुखते म्हणते पण कोठे ते सांगत नाही. यांतील एकेक खूण म्हणजे पुरावा नव्हे. पण जवळ बसून मायेने विचारावयास ती पुरेशी आहे.

आणि मूल बोललेच, तर? तो क्षण फार मोलाचा असतो. ओरडू नका, रडू नका, "तू तिथे गेलासच कशाला?" असे तर चुकूनही म्हणू नका. एवढेच सांगा : तू सांगितलेस हे फार चांगले केलेस, आमचा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझा काही दोष नाही. खोदून-खोदून पुन्हा पुन्हा विचारू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. घटना ताजी असल्यास मुलाला न्हाऊ घालण्याची वा कपडे धुण्याची घाई करू नका. कपडे कागदी पिशवीत ठेवून द्या. संशयित माणसाच्या दारी भांडावयास जाऊ नका. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा ११२ वर दूरध्वनी करा, किंवा सरळ पोलीस ठाण्यात जा. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने अशा मुलावर विनामूल्य व तत्काळ उपचार करणे बंधनकारक आहे.

पोलीस ठाण्याचे नाव काढताच आपली माणसे घाबरतात. म्हणून कायदा काय म्हणतो ते ऐका. मुलाचा जबाब त्याच्या घरी वा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावयाचा असतो. तो शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावयाची असते. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीस व विशेष न्यायालयास कळवावयाचे असते. न्यायालयात मूल आरोपीच्या समोर येणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. मुलाचे नाव, गाव, शाळा, छायाचित्र वृत्तपत्रांत छापण्यास मनाई आहे. शिवाय, ज्याने सद्‍हेतूने खबर दिली, त्याच्यावर कोणतीही कारवाई करता येत नाही.

उलट, माहीत असून जो कळवीत नाही, तो स्वतः गुन्हेगार ठरतो. त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडविला, तर एक वर्षापर्यंत कैद व दंड. तेव्हा चार पंच बसवून, दहा-वीस हजार रुपये ठरवून, "घरातले घरात" मिटविण्याची जी पद्धत आपल्या गावांत आहे, ती कायद्यास मान्य नाही आणि देवासही मान्य नाही. "मुलीचे लग्न कसे जमेल? घराण्याची अब्रू जाईल," असे म्हणतात. अब्रू गेली ती दुष्कृत्य करणाराची. मुलीचे काहीही गेलेले नाही. तिच्यावर गप्प बसण्याची सक्ती करणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा दुखविणे होय. आणि जो एकदा सुटला, तो पुढच्या घरातील लेकराकडे वळतो, हे विसरू नका.

हे सर्व तुम्हांस सांगताना आम्ही आपल्या ख्रिस्तसभेकडे पाठ फिरवून बोलू शकत नाही. अनेक देशांत धर्मगुरूंच्या हातूनही असे अपराध घडले, आणि वरिष्ठांनी ते झाकले. हे जगजाहीर आहे व ते नाकारण्यात काही धर्म नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली 'व्होस एस्तिस लुक्स मुंदी' हा आदेश काढून प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार नोंदविण्याची व्यवस्था असावी, आणि धर्मगुरू व व्रतस्थ यांनी अशी माहिती वरिष्ठांना कळविलीच पाहिजे, असे ठरविले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यांनी अशा खटल्यांवरील धर्मपीठाची गुप्तता काढून टाकली. २०२३ साली तो आदेश कायमचा करण्यात आला. तेव्हा आरोप फादरवर असो, सिस्टरवर असो की धर्मशिक्षण देणाऱ्या मास्तरांवर, मार्ग तोच : पोलीस ठाणे, आणि त्याबरोबर धर्मप्रांताचे कार्यालय. "फादरांचे नाव कसे घ्यावे?" या भिडेपोटी एकाही लेकराचा बळी जाता कामा नये. लहानांना अडखळविणाऱ्याविषयी प्रभू येशूने मत्तयच्या अठराव्या अध्यायात जे कठोर उद्गार काढले, त्यांत कोणासही सूट दिलेली नाही.

आणखी एक गोष्ट, जी सांगणे धर्मगुरू या नात्याने आमचे कर्तव्य आहे. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूस कोणालाही सांगता येत नाही, कोणत्याही कारणास्तव नाही. म्हणून मुलावरील अत्याचाराची गोष्ट तेथे सांगून "आता फादर पाहून घेतील" असे समजू नका. त्या जाळीबाहेर या, घरी या, कार्यालयात या, आणि समोर बसून सांगा. मग आम्ही तुमच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत चालत येऊ शकतो. आणि ज्या मुलावर अत्याचार झाला, त्याला त्या गोष्टीचे पाप म्हणून निवेदन करावयाचेच नाही, हे त्यास स्पष्ट सांगा. बळी पडणे हे पाप नव्हे.

या आठवड्यात तीन कामे करा, एवढीच विनंती. घरातील वेदीजवळ, जेथे रोज सर्वांची दृष्टी जाते, तेथे १०९८ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून लावा. शाळेत जाऊन पडताळणीविषयी विचारा. आणि एका संध्याकाळी, रोजरी आटोपल्यावर, दूरदर्शन संच लावण्यापूर्वी, मुलांना जवळ घेऊन सांगा की या घरात त्यांना कोणाचेही नाव घेऊन काहीही सांगता येईल.

बाळ येशूच्या जिवावर संकट आहे असे कळताच संत योसेफ त्याच रात्री उठला व बालकास आणि त्याच्या मातेस घेऊन मिसर देशाच्या वाटेला लागला. लोक काय म्हणतील, म्हणून तो सकाळची वाट पाहत बसला नाही. त्याची मध्यस्थी आपल्या प्रत्येक घरावर असो, आणि त्याची तत्परता आपल्या प्रत्येक बापास व आईस लाभो.